कडावची खेकडी

कर्जतला लोक कशाला जातात हे मला नीट ठाऊक आहे, कारण निघताना गावातल्या प्रत्येकाने ते मला सांगितलं. कुणी म्हणालं, माथेरानला चाललात वाटतं? कुणी म्हणालं, लग्न आहे का नात्यातलं? आमच्या पोस्टमनने तर येताना स्टेशनवरचे वडे आणा म्हणून डबासुद्धा आणून दिला. मी खोदायचं यंत्र विकत घ्यायला चाललोय, असं म्हटल्यावर तो डबा परत घेऊन गेला. अशा माणसाकडे डबा कशाला अडकवायचा!

पण गरज खरीच होती. वाईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमची जमीन आहे आणि तिच्या कडेने ओढा जातो. तीन पावसाळ्यांपूर्वी त्याने आपली जुनी वाट दगडगोट्यांनी बुजवली आणि आमच्या रानातून नवी काढली. तेव्हापासून तो दर वर्षी काठ खातो. मागच्या आश्विनात मी मोजलं, तर ओढा आणि विहीर यांच्यात चार हात जमीन उरली होती. अजून एक पावसाळा झाला की विहीर ओढ्याच्या पोटात, आणि विहिरीमागोमाग हळद, ऊस, घरचं पाणी, सगळंच. मोठा बुलडोझर सांगून पाहिला. तो आमच्या पाणंदीत लग्नाच्या मांडवात हत्ती शिरावा तसा शिरला, आणि दोन्हीकडचे बांध घासत उलट्या पावली गेला. हाताने उपसावं, तर एवढी माणसं आता कुठे मिळतात?

अशात खोपोलीच्या कारखान्यात असलेल्या भाच्याचं पत्र आलं. कडावला एका शेतकऱ्याकडे छोटं यंत्र आहे, पाइपलाइनच्या कंत्राटदाराने काम संपल्यावर विकून टाकलेलं. बैलगाडीच्या वाटेने जातं. विकायचं आहे. ‘मामा, जरूर या. फक्त उत्साहाच्या भरात येऊ नका.’ त्या शेवटच्या वाक्याखाली बायकोने नखाने रेघ ओढली. माझ्या खरेदीचा इतिहास फारसा उज्ज्वल नाही. एकदा मी भाता फाटलेली पेटी आणली, एकदा फक्त डावीकडे वळणारा घोडा.

“आधी चालताना बघा, मग बोला,” ती म्हणाली. “आणि कुणाच्या हातावर टाळी देऊ नका.”

तेव्हा वैशाख लागला होता. मृग तीन आठवड्यांवर होता.

चौक

बोरघाटातून खाली उतरलं की हवा अंगाला चिकटते. आमच्याकडचं ऊन भाजतं, इथलं शिजवतं. चौकला एसटीतून उतरलो तेव्हा मी पुरता वाफवून निघालो होतो. गाव रस्त्याला धरूनच बसलेलं आहे. एका बाजूला ढाबे, एका बाजूला गॅरेजं, म्हणजे माणसाचं पोट आणि गाडीचं पोट दोन्ही एकाच थांब्यात. मागे इरशाळगड उभा. त्याच्या शेंड्याजवळ आरपार भोक आहे आणि त्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. सध्या माझ्या डोक्यात खोदाईशिवाय दुसरं काही नसल्याने, इतक्या उंचावर यंत्र कुणी चढवलं असेल, हाच विचार पहिल्यांदा मनात आला.

भाच्याने इथल्या हसन मिस्त्रींचं नाव दिलं होतं. यंत्र तपासायला ते माझ्याबरोबर कडावला येणार होते. पन्नाशीचा बारीक माणूस, कानावर विडी, हातात वीतभर लांब स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक ते चालू इंजिनाला लावतात आणि मूठ कानाला. डॉक्टर नळी लावतो तसं.

“सेठ, मशीन बोलतं,” ते म्हणाले. “आपल्याला फक्त ऐकायचं काम.”

“सगळं कळतं?”

“बाईलोकांचं सोडून सगळं.”

आम्ही चहा पीत होतो, इतक्यात एक ट्रक समोरून गेला. मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. “ह्याचा दोन नंबरचा नोझल गेला.” ट्रक पुढच्या ढाब्यावर थांबला, तेव्हा मला राहवेना. मी जाऊन ड्रायव्हरला सांगितलं, तुमचा दोन नंबरचा नोझल गेलाय. तो खाटेवरून उठूनच बसला. “तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर मालकालापण नाही सांगितलं!” मी नुसता गूढ हसलो. आयुष्यात असे प्रसंग फार येत नाहीत.

कडाव

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींच्या मोटारसायकलवरून कर्जत ओलांडून कडावला गेलो. वैशाखात आमची शिवारं तव्यासारखी असतात. इथे गुडघाभर हिरवं भात उभं! वर डोंगरात पाण्यावर वीज करतात. काम झालेलं पाणी खाली नदीला येतं, तिथून कालव्याने खाचरांत. बांधाबांधावर बगळे. मी चपला काढून एका खाचराच्या कडेला पाय बुडवून उभा राहिलो. मिस्त्री म्हणाले, “सेठ, मशीन बघायला आलो ना आपण?”

विकणाऱ्याचं नाव धर्माभाऊ. चाळिशीचा धिप्पाड गडी, पण उठताना एक हात कमरेवर आणि तोंडात ‘आई गं’. यंत्र चालवून चालवून कमरेला हिसके बसले होते. डॉक्टरने सांगितलं होतं, एक तर यंत्र ठेव नाहीतर कंबर. म्हणून विक्री. घरातला कारभार मात्र धर्माभाऊंकडे नव्हता. तो त्यांच्या विधवा आत्याकडे, बायजाआत्याकडे. वय सत्तरीच्या पुढे, आवाज विशीतला.

यंत्र गोठ्यात होतं. आजूबाजूला म्हशी रवंथ करत होत्या आणि मधल्या दावणीला हे, सोंड पोटाशी दुमडून. ट्रॅक्टरपेक्षा लहान, खाली चाकांऐवजी साखळीचे पट्टे. सोंडेवर गेरूचे हाताचे छाप, कपाळावर कुंकू, काळ्या दोऱ्यात बिब्बा. आम्ही बेंदराला बैल रंगवतो. इथे दिवाळीच्या पाडव्याला रंगवतात, आणि त्यात या यंत्रालाही रंगवतात.

“ही आमची खेकडी,” धर्माभाऊ म्हणाले. “घाबरू नका, चावत नाय.”

“खेकडी का?”

“खेकडं बांधाला बिळं पाडतात. बिळातनं पानी जातं नि भात सुकतं. ही आली नि त्याच बिळांवर माती टाकाया लागली. तवा आत्या म्हनली, खेकड्याच्या जातीत येक तरी कामाची निघाली.”

मी तोऱ्यात पुढे होऊन सोंडेच्या टोकाची बादली बघितली. तिला चार दात असायला हवे होते, तीनच होते.

“एक दात पडलाय,” मी म्हणालो.

“तुझं किती पडलंत रं, पावन्या?” आत्यांनी विचारलं.

माझे पाच पडलेत. मी वाकून पट्टे बघू लागलो.

मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर लावून चांगला अर्धा तास इंजिन ऐकलं. कधी भुवया वर, कधी खाली. माझा जीव त्या भुवयांबरोबर वरखाली होत होता. शेवटी म्हणाले, “पट्टा ढिला आहे. दिल एकदम साफ.” मग धर्माभाऊंनी खेकडीला रानात नेलं आणि गाळाने भरलेला एक पाट उकरून दाखवला. काय सांगू! सोंड लांब व्हायची, अलगद वाकायची, गाळाचा घास घ्यायची आणि तो असा बाजूला ठेवायची की जणू सुगरण पानात भात वाढतेय. मागून बगळ्यांची पंगत. आमच्या पाणंदीत ही दोन्हीकडे हातभर जागा सोडून गेली असती. चालताना बघा, असं बायको म्हणाली होती. मी बघितलं. तिथेच थांबायला हवं होतं.

“मी चालवून पाहू?” मी विचारलं.

दोन दांडे असतात. एक ओढला की सोंड फिरते, दुसरा ओढला की वाकते. मी हे नीट लक्षात ठेवलं आणि नेमकं उलट केलं. सोंड गरकन फिरली आणि धाडकन शेजाऱ्याच्या बांधावर आपटली. बांधाला हातभर खिंडार पडलं आणि वरच्या खाचरातलं पाणी खळाळत खालच्या खाचरात निघालं. पाणी काय छान वाहत होतं! तेवढ्यात शेजारी धावत आला.

“कोन हाय रं तो टोपीवाला?”

“पावनं हायेत,” धर्माभाऊ म्हणाले.

“पावनं घरात ठेवायचं! बांधावर कशाला सोडलंस?”

मी यंत्रानेच माती लोटून देतो म्हणालो. तर तिघं एकदम, “नाय नाय!” इथली रीत अशी, की ज्याच्याकडून बांध फुटला त्यानेच तो हाताने घालायचा, आणि घालून होईपर्यंत जेवायचं नाही. यंत्राची माती सैल पडते म्हणे, आणि माणसाला अक्कलही येत नाही. मग काय, धोतर खोचलं आणि उतरलो. गवताच्या मुळांसकट ढेकळं काढायची, खिंडारात बसवायची, वर चिखल, मग पायाने चोपायचं. बायजाआत्या पलीकडच्या बांधावर बसून सूचना करत होत्या. “टाच मार, टाच! फुगडी घालतोस का काय?” तासाभराने पाणी थांबलं, तेव्हा शेजाऱ्याने बांधावरून चालत जाऊन बघितलं, मान डोलावली आणि मला घरच्या वालांची पुरचुंडी दिली. खरीप असो की उन्हाळा, इथे भांडण बांधावर सुरू होतं आणि बांधावरच संपतं. आमच्याकडे ते तालुक्याच्या कोर्टात जातं.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी. आमची ज्वारीची भाकरी चावून खायची असते. ही नुसती बघितली तरी मऊ होते. मी चार खाल्ल्या. पाचवी आत्यांनी न विचारता वाढली.

मग सौदा. जनावराचा सौदा बाजारात होतो तसाच करायचा, असं आत्यांचं म्हणणं. म्हणजे हातावर टॉवेल टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून आकडा ठरवायचा. तोंडाने ब्र काढायचा नाही. पण दलाल कोण? त्याच बसल्या समोर. मी मोठमोठ्या बाजारांत मोठमोठ्या दलालांशी बोटं लावली आहेत, पण असा पंजा पाहिला नाही. मी दोन बोटं दाबली की त्या माझी चार पिळायच्या. चेहरा मात्र देवळात बसल्यासारखा. आकडा टॉवेलाखालीच राहू दे. त्यांनी हात सोडला तेव्हा माझी करंगळी बधिर झाली होती, आणि मी, देवा, टाळी देऊन बसलो होतो.

पुन्हा चौक

तिसऱ्या दिवशी ट्रक आला. मुंबईला गूळ टाकून साताऱ्याकडे रिकामा चाललेला एक कराडचा ट्रक भाच्याने गाठून दिला होता. उंच रस्त्याच्या कडेला तो उलटा लावला आणि धर्माभाऊंनी खेकडी चढवून इंजिन बंद केलं. आत्यांनी हळदकुंकू लावलं, बादलीत दही ठेवलं. मी ड्रायव्हरशेजारी बसून सगळ्या कडावला हात हलवला.

चौकला पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. घाटापूर्वी पट्टा घट्ट करायचा होता. मिस्त्री वर चढले, बसले आणि हात पुढे केला.

“चावी?”

“तुमच्याकडे आहे ना?”

“सेठ, मी मशीन ऐकतो. चावी ठेवत नाही.”

मी सगळे खिसे ट्रकच्या पाट्यावर पालथे केले. अडकित्ता निघाला, चष्म्याची एक काडी निघाली, शेजाऱ्याचे वाल निघाले. चावी नाही. ड्रायव्हर घड्याळ बघू लागला. त्याला सकाळी कारखान्यावर साखर भरायची होती. “पाचला निघणार बघा. यायचं तर चावीसकट. बिनचावीचं तुमच्या गावात उतरणार कसं? नाहीतर इथंच ढकलून द्या.”

“वायरी जोडून चालू नाही का होणार?” मी मिस्त्रींना हळूच विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी डोळे खाली घातले. “होईल. दोन मिनिटांत होईल. पण हायवेवर गॅरेज आहे माझं. हसन बिनचावीची गाडी चालू करतो, असं एकदा कुणी बघितलं, तर उद्यापासून कोण आपली गाडी सोडेल माझ्याकडे? ते सोडून काही पण सांगा.”

मग मोटारसायकल, आणि पुन्हा कडाव. रस्ताभर मला एकच दिसत होतं : चौकच्या रस्त्याकडेला ढकललेली खेकडी, आणि तिकडे आमच्या विहिरीकडे दर पुराला हातभर पुढे सरकणारा ओढा.

बायजाआत्या ओटीवर तांदूळ पाखडत होत्या. चावी हरवली म्हटल्यावर त्यांनी सूप थांबवलं नाही.

“हरवंल कशाला? हाय की घरात.”

गोठ्याच्या खांबाला खुंटी होती आणि तिच्यावर दोऱ्यांचा भारा लटकलेला. काही नुसते काथ्याचे तुकडे, इतके जुने की हात लावला तर पीठ होईल. आत्या उठल्या आणि एकेक दोर बोटाने बाजूला करत बोलू लागल्या. “ही ढवळीची. ही पवळ्याची, चिंचवलीला दिला त्याला. ही कपिलीची, लई दूध द्यायची. ही तिच्या पाडीची.” सगळ्यांत वर सुतळीत ओवलेली चावी होती. “नि ही खेकडीची.”

रोज संध्याकाळी काम झालं की चावी आत्यांकडे द्यायची, ही धर्माभाऊंची सवय. ट्रकवर यंत्र चढवून झाल्यावर त्यांनी सवयीने ती दिली. आत्यांनी मात्र सवयीने घेतली नव्हती.

“जनावर इकावं, दावं देऊ नये. दाव्याबरोबर घरातली लक्ष्मी जाती. तुमच्याकडं देतात का रं?”

“नाही,” मी म्हणालो.

नाहीच देत. आमच्या घरीही खुंटीवर असे दोर आहेत. आणि घेणाऱ्याने नवं दावं आपल्या हाताने न्यायचं असतं. पन्नास वर्षांत मी जनावराच्या बाजाराला कधी रिकाम्या हाताने गेलो नव्हतो.

“मंग? पावनं आलं जनावर न्यायला, नि हात हालवीत!”

धर्माभाऊ ओशाळून म्हणाले, “आत्या, लोखांड हाय गं ते.”

“गप रं. तुझी कंबर मोडूस्तवर राबली ती, नि म्हनं लोखांड!”

शेवटी मीच म्हणालो, “आत्या, दावं तुमचंच. मी नवं करून घेतो. फक्त नमुन्याला घटकाभर द्या.” त्यांनी विचार केला. चावी सुतळीतून काढली, मुठीत धरली आणि पायांत चपला सरकवल्या. “चल. पन मूठ माझी.”

कर्जतचा बाजार

मिस्त्री ट्रक अडवून धरायला पुढे गेले. मी आणि आत्या कर्जतला जाणाऱ्या दुधाच्या टेंपोत, कॅनांच्या मधे. बाजारात एका छत्रीखाली चावीवाला बसला होता. त्याने हात पुढे केला.

“ठेवून जा आजी, संध्याकाळी या.”

“ठेवायची नाय. अशीच बघ.”

“अशी कशी बघू? हातात तर द्याल?”

“डोळं हायेत ना?”

आत्यांनी चावीचं डोकं चिमटीत घट्ट धरलं आणि दात तेवढे त्याच्याकडे केले. तो बिचारा वाकून बघायचा, कानस मारायचा, पुन्हा वाकायचा. भोवती दहाबारा माणसं जमली. एकाने मला विचारलं, तिजोरीची हाय का? मी गंभीर होऊन म्हणालो, “त्याहून मोठी.” तेव्हा गर्दी दुप्पट झाली. तासाभराने नवी चावी तयार झाली. पण चालेल की नाही ते कुलपात घातल्याशिवाय कळणार नव्हतं. मी काही बोलण्याआधीच आत्या एसटीच्या थांब्याकडे वळल्या.

चौकला पोचलो तेव्हा पाचला दहा कमी होते आणि ट्रकचं इंजिन चालू होतं. मिस्त्री वर चढले. नवी चावी आत गेली, पण फिरेना. पुन्हा घातली. फिरेना. ड्रायव्हरने भोंगा दिला. मी आत्यांच्या मुठीकडे बघितलं. आत्यांनी ती मूठ पदराखाली घेतली आणि माझ्याकडे बघितलं. मागणं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ती दोऱ्यांची खुंटी काही डोळ्यांसमोरून जाईना. मी मागितलं नाही.

“हिकडं आन ती,” आत्या मिस्त्रींना म्हणाल्या. नवी चावी घेतली, आपल्या तेल लावलेल्या केसांतून दोनचार वेळा खसाखसा ओढली, सुई ओढतात तशी, आणि परत दिली. “आता घाल.”

चावी फिरली. खेकडी धडधडली. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला आणि डोळे मिटून हसले. आत्यांनी तोंड इरशाळगडाकडे केलं होतं. “काय ही धूळ हायवेची,” असं म्हणून त्यांनी पदराने डोळे पुसले. नंतर ट्रक निघाला तरी त्यांनी वळून बघितलं नाही.

घरी

खेकडी पाणंदीतून गेली. दोन्हीकडे हातभर जागा सोडून. अकरा दिवस मी तिच्यावर बसून ओढ्याची जुनी वाट मोकळी केली. माझे दोन कुंपणखांब आणि चुलतभावाचं एक शेवग्याचं झाड तेवढं वाटेत गेलं. नव्या वाटेच्या तोंडाला मात्र मी यंत्राची सैल माती टाकली नाही. माणसं लावून गवताच्या ढेकळांचा बांध घातला. वर उभा राहून मी ओरडत होतो, “टाच मारा, टाच!”

आषाढात एका सकाळी मोठा पूर आला. अर्धं गाव इरली-छत्र्या घेऊन काठावर उभं राहिलं, कारण माझी फजिती फुकट बघायला मिळणार होती. लाल पाणी वाटा फुटतात तिथवर आलं, बांधाला धडकलं, थोडं घुटमळलं, आणि मुकाट्याने जुन्या वाटेने खाली गेलं. मी मोजायला दोरी घेऊन धावलो. विहीर आणि ओढ्याची नवी वाट यांच्यात चार हात होते तसे होते.

बायको बघायला आली नव्हती. ती विहिरीवर होती. गेली दोन वर्षं असा पूर आला की ओढा पाझरून विहिरीचं पाणी विटेच्या रंगाचं व्हायचं आणि पंधरा दिवस आम्ही ते दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचो. तिने कळशी वर काढली, तांब्या भरला आणि उजेडात धरला. तळाची कल्हई दिसत होती. मी शेजारी चिखलात उभा, मोठं भाषण तयार ठेवून.

तिने अर्धा तांब्या प्यायला आणि उरलेला माझ्या हातात दिला.

“हे गाळायला नको,” ती म्हणाली, आणि खांद्यावरचं फडकं झटकून घरात गेली.